अनागताचे निवारण

जे दुःख अजून आलेलेच नाही ते येऊ नये म्हणून केलेल्या प्रयत्नाला कर्म म्हणावे की नाही, आणि म्हटले तर त्या कर्माचे फळ कोणते मानावे, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी मोठ्या गांभीर्याने हाताळला आहे. घडविण्याचे फळ डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु घडू न देण्याचे फळ म्हणजे पूर्वीचीच स्थिती पुढे चालू राहणे एवढेच असल्यामुळे, झटणारा आणि स्वस्थ बसलेला यांच्यांतला भेद दाखविणारा पुरावा जगाच्या दफ्तरात कोठेच नोंदला जात नाही. त्यामुळे निवारणाला कर्माची प्रतिष्ठा सहसा लाभत नाही, आणि त्याविषयीची शास्त्रचर्चा पंडितांचा शब्दच्छल म्हणून बाजूला सारली जाते. ही चर्चा शब्दच्छल नव्हे, अशी माझी खात्री आहे. आणि ती पटवून देण्यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे ते आपल्या शास्त्रांपासून आणि आपल्या आचारापासूनही दूरचे आहे. घरी आंबविलेली बिअर सायफनच्या, म्हणजे वक्रनलिकेच्या, साहाय्याने एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उतरविताना नळीत हवा शिरू न देणे, हे ते उदाहरण होय.

उदाहरण मद्याचे असले तरी त्यात मद्यपानाची भलामण नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि मादक पेयांच्या सेवनास बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे आपल्या राज्यघटनेचा 47 वा अनुच्छेद सांगतो. हे कसब इंग्लंड-अमेरिकेतील गृहस्थांचे आहे, आणि तेथेही ते सदैव निर्वेध नव्हते. ब्रिटनमध्ये 1880 च्या कायद्याने त्यावर परवान्याची जी अट घातली होती ती 1963 साली उठली. अमेरिकेत 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने प्रौढ नागरिकाला वर्षाकाठी 100 गॅलन, आणि दोन प्रौढांच्या घराला 200 गॅलन बिअर कराशिवाय करण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून तेथील असंख्य घरांत माल्टचा गोड काढा हॉप्स घालून उकळला जातो, निववला जातो, आणि त्यात यीस्ट मिसळून सुमारे वीस लिटरांचे भांडे आठवडा-दोन आठवडे झाकून ठेवले जाते. किण्वन संपले की यीस्टचा साका तळाशी बसतो आणि वर निवळ द्रव राहतो. भांडे कलते करून तो ओतावा तर साका ढवळला जातो आणि धारेबरोबर हवाही मिसळते. म्हणून भांडे उंचावर ठेवून नळीच्या वाटेने द्रव खालच्या भांड्यात उतरविण्याची रीत पडली.

या नळीचा एक धर्म लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढील सारा विचार त्यावर उभा आहे. पाण्याने भरलेल्या साध्या नळाला छिद्र पडले तर पाणी बाहेर ठिबकते आणि भोक कोठे आहे हे ओली जमीनच सांगते. सायफनच्या वरच्या वळणाजवळ याच्या उलट घडते. तेथील द्रवाचा दाब बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा कमी असतो. नळीचे मोकळे टोक त्या वळणाच्या एक मीटर खाली असेल तर हा उणेपणा वातावरणाच्या दाबाच्या दशांशापर्यंत जाऊ शकतो. म्हणून ताठ दांडी आणि लवचिक नळी यांच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी तिच्यातून थेंबही बाहेर येत नाही. बाहेरची हवा मात्र आत ओढली जाते, तिचे बुडबुडे प्रवाहाबरोबर वाहतात, आणि ते वाहून जाण्याऐवजी वळणापाशी साचू लागले तर अखंड स्तंभ तुटून प्रवाह थांबतो. प्रवाह न थांबला तरी हानी टळत नाही, कारण आत आलेला प्राणवायू तयार बिअरमध्ये विरघळतो आणि काही आठवड्यांत तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव आणतो. ही गळती अंतर्मुख आहे, आणि सांधा बाहेरून कोरडा दिसतो.

अनुभवी माणसे यावर जे इलाज करतात ते साधे आहेत. दांडीच्या जाडीशी तंतोतंत जुळणारी नळी घेणे. तिचे टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करणे आणि दांडीवर दोन-तीन बोटे आत सरकविणे. वर चाप आवळणे. दट्ट्याच्या पंपाचा झिजलेला वॉशर वेळीच बदलणे. प्रवाह सुरू करण्यासाठी तोंडाने न ओढता निर्जंतुक पाण्याने नळी आधीच भरून घेणे. खालचे टोक दुसऱ्या भांड्याच्या तळाशी बुडालेले ठेवणे. आणि शेवटी द्रव उथळ झाला की भांडे हलकेच कलवून वरचे टोक पृष्ठभागाखाली राहील अशी तजवीज करणे. वेग कमी करण्यासाठी नळीला चिमटा लावायचा झाला तर तो खालच्या टोकाशी लावतात, कारण तेथे अडविले असता नळीतला दाब वाढतो आणि हवेचा शिरकाव कमी होतो; वरच्या टोकाशी अडविले असता पुढच्या नळीतला दाब आणखी घटून हवेला जास्तच वाट मिळते. या यादीतील एकही कृती बिअरमध्ये कशाचीही भर घालीत नाही. सारे श्रम एका ‘नाही’च्या रक्षणासाठी आहेत.

हे ‘नाही’ काही करते काय? युरोपात या प्रश्नाने जवळजवळ दोन सहस्रके विचारवंतांना गुंतवून ठेवले, आणि सायफन हा त्या वादातला नेहमीचा साक्षीदार होता. निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून नळीत पोकळी पडू नये यासाठी पाणी चढते, असे ॲरिस्टॉटलच्या परंपरेचे उत्तर होते. त्याला धर्मशास्त्राचेही अंग होते: पोकळी मागे राहील म्हणून ईश्वर विश्वाला सरळ रेषेत हलवू शकत नाही, हे मत पॅरिसच्या बिशपांनी 1277 साली निषिद्ध मतांच्या यादीत घातले, कारण पोकळीच्या भयाने ईश्वराच्या सामर्थ्याला मर्यादा घालणे त्यांना मान्य नव्हते. 1630 साली जिनोआच्या बालियानी यांनी गॅलिलिओला पत्राने कळविले की, सुमारे 21 मीटर उंचीच्या टेकडीवरून पाणी नेण्यासाठी बसविलेला सायफन चालत नाही. निसर्गाला पोकळीचे भय असेल, तर ते ठरावीक उंचीपाशीच का संपावे? टोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीने आणि 19 सप्टेंबर 1648 रोजी पास्कालच्या मेहुण्याने प्यी द दोम या पर्वतावर केलेल्या प्रयोगाने निकाल लागला: पोकळी काहीही ओढीत नाही, बाहेरच्या हवेचे वजन द्रवाला ढकलते, आणि ते वजन पाण्याचा सुमारे दहा मीटरांचा स्तंभ तोलण्यापुरतेच आहे. पुढे निर्वात जागेतही विशिष्ट द्रवांचा सायफन वाहू शकतो असे प्रयोगाने दिसून आल्यावर द्रवाच्या अंतर्गत संसक्तीलाही या कार्यात वाटा द्यावा लागला. परंतु कोणताही पक्ष घेतला तरी एक अट कायम राहते: स्तंभ अखंड हवा, म्हणजे त्यात हवा नसावी. अभाव हा ओढणारा कर्ता नाही हे सिद्ध झाले. तरी त्या अभावावाचून कार्य होत नाही, हेही तितकेच सिद्ध आहे. तेव्हा त्याला कारणांच्या पंक्तीत कोठे बसवावे?

येथे आपले नैयायिक युरोपीय विद्वानांपेक्षा अधिक सूक्ष्म भेद करतात, असे मला वाटते. अग्नीजवळ विशिष्ट मणी ठेवला असता तो जाळीत नाही आणि मणी दूर केला की पुन्हा जाळू लागतो, या परंपरागत उदाहरणावर त्यांचा मीमांसकांशी प्रदीर्घ वाद झाला. मीमांसकांचे म्हणणे असे की, अग्नीत दाहाची अतींद्रिय शक्ती आहे आणि मणी तिला नष्ट किंवा कुंठित करतो. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त उत्तर दिले ते असे की, निराळी शक्ती मानण्याचे प्रयोजन नाही, जसा भाव कारण होतो तसा अभावही कारण होऊ शकतो, आणि प्रतिबंधकाचा अभाव हा दाहाच्या कारणसामग्रीचाच एक घटक आहे. अभाव ढकलीत नाही, ओढीत नाही, तरी त्याच्या असण्यानसण्यावर कार्याचे होणे न होणे अवलंबून असते, आणि कारण म्हणवून घेण्यास एवढे पुरेसे आहे. सायफनच्या बाबतीत हा निर्णय जसाच्या तसा लागू पडतो: दोन पातळ्यांतील अंतर, द्रवाचा स्तंभ, वातावरणाचा दाब आणि हवेचा अभाव ही सारी मिळून सामग्री, आणि तीतला शेवटचा घटक उणा पडताच बाकीचे सगळे जागच्या जागी असूनही कार्य बंद पडते.

परंतु मण्याच्या उदाहरणात जे दिसत नाही ते सायफनमध्ये दिसते. मणी उचलला की अग्नी पूर्ववत होतो. नळीतला स्तंभ एकदा तुटला की मागाहून सांधा कितीही घट्ट केला तरी प्रवाह आपण होऊन सुरू होत नाही. नळी पुन्हा भरावी लागते, आणि मधल्या काळात विरघळलेला प्राणवायू तर कोणत्याही उपायाने सर्वस्वी परत काढता येत नाही. म्हणजे हवेचा जो अभाव आरंभी होता आणि दुरुस्तीनंतर जो आला, ते दोन्ही अभाव एकच नव्हेत. न्यायशास्त्राने यासाठी स्वतंत्र नावे योजिली आहेत: वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, आणि ती नष्ट झाल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. पहिल्याला आदी नाही पण अंत आहे; दुसऱ्याला आदी आहे पण अंत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी ‘फट नाही’ एवढेच दिसेल. पण एका ‘नाही’च्या पोटात काही घडून गेले आहे आणि दुसऱ्याच्या पोटात नाही. प्रायश्चित्त आणि संयम, उपचार आणि पथ्य, क्षमायाचना आणि वाणीचा निग्रह या जोड्यांमधील भेद नेमका हाच आहे, आणि पहिल्याने दुसऱ्याची भरपाई होते असे मानणे हा आपल्या नैतिक विचारातला फार मोठा प्रमाद आहे.

येथे एक सबळ आक्षेप उभा राहतो, आणि तो शास्त्रकारांनीच उपस्थित केला आहे. प्रागभाव अनादी आहे. जे अनादी ते कोणी निर्माण केलेले नाही. मग ते प्रयत्नाने साध्य कसे होईल, आणि जे प्रयत्नसाध्य नाही ते पुरुषार्थ कसे ठरेल? दुःखाच्या प्रागभावालाच मोक्ष मानावे काय, या चर्चेत नैयायिकांनी प्रतिपक्षाला हा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर योगक्षेमाच्या विचाराने दिले जाते. अप्राप्ताची प्राप्ती हा योग आणि प्राप्ताचे रक्षण हा क्षेम; साध्यता केवळ योगालाच असते असे नाही, क्षेमालाही असते. गेल्या क्षणापर्यंत फट नव्हती हे माझे कर्तृत्व नसेल, पण पुढच्या क्षणी ती नसणे माझ्या चाप आवळण्यावर अवलंबून आहे, आणि जे माझ्या कृतीवर अवलंबून आहे त्याला माझे कर्म म्हणण्यास प्रत्यवाय कोणता? पतंजलींनीही योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात टाळण्याजोगे दुःख म्हणून जे सांगितले ते अजून न आलेले दुःख होय. गेलेले भोगून संपलेले असते आणि चालू असलेले भोगावेच लागते, म्हणून पुरुषप्रयत्नाला मोकळे क्षेत्र अनागताचेच उरते.

प्रागभावाचे हे रक्षण कसे करावे, याचा सर्वांत पद्धतशीर विचार जैन आचार्यांनी केला आहे. मद्य हे जैन आचारात सर्वथा त्याज्य असल्यामुळे या उदाहरणाच्या शेजारी त्यांचे नाव घेताना संकोच वाटतो. परंतु तत्त्वाचे साम्य इतके निकट आहे की त्याचा उल्लेख टाळणे हा विचाराशी अन्याय होईल. जीवात कर्मपुद्गलांचा शिरकाव होणे हा आस्रव, तो थांबविणे हा संवर, आणि आधीच शिरलेल्याचा क्षय करणे ही निर्जरा, अशी ही तत्त्वे आहेत, आणि छिद्र पडलेल्या नावेच्या दृष्टांताने ती परंपरेने समजाविली जातात. आधी छिद्र बुजवावे, मग साचलेले पाणी उपसावे. छिद्र उघडे ठेवून उपसणाऱ्याचे श्रम संपत नाहीत. मनुस्मृतीत इंद्रियनिग्रहाच्या संदर्भात पखालीचा दृष्टांत येतो. तेथे एका भोकातून आतले पाणी बाहेर जाते. आपले ज्ञान गळून जाईल ही एक चिंता, आणि बाहेरचे मालिन्य आत शिरेल ही दुसरी. सायफनची गळती दुसऱ्या जातीची आहे, म्हणून ती अधिक कपटी आहे: हरवल्याची जाणीव माणसाला लवकर होते, शिरल्याची होत नाही.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात संवराची साधने सांगितली आहेत: तीन गुप्ती, पाच समिती, दशविध धर्म, बारा अनुप्रेक्षा, बावीस परीषहांचा जय आणि पाच प्रकारचे चारित्र. त्यांतील समिती म्हणजे चालताना, बोलताना, भिक्षा घेताना, वस्तू उचलताना-ठेवताना आणि उत्सर्ग करताना बाळगावयाची सावधता. अनागताचे निवारण एखाद्या भव्य प्रतिज्ञेने होत नाही, तर उचलण्या-ठेवण्याच्या बारीकसारीक तपशिलात होते, हे त्या आचार्यांनी ओळखले होते. सायफनवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दोन भांड्यांतील उंचीचे अंतर वाढविले की प्रवाहाचा वेग वाढतो, आणि वेग वाढतो तसतसा नळीतला दाब उतरून हवेचा शिरकावही बळावतो. ज्याला काम लवकर उरकायचे असते त्याचेच सांधे अधिक गळतात. घाई हा केवळ शिष्टाचाराचा दोष नसून तिने बाहेरच्या उपद्रवाला आत येण्यास बळ मिळते, ही गोष्ट मला नीतिशास्त्रातही सत्य वाटते.

मात्र निवारणाच्या या स्तुतीला दोन मर्यादा घातल्या पाहिजेत, नाहीतर ती भित्रेपणाची स्तुती ठरेल. पहिली मर्यादा विवेकाची. नळीत दिसणारा प्रत्येक बुडबुडा बाहेरच्या हवेचा नसतो. किण्वनात उत्पन्न झालेला कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये विरघळून राहिलेला असतो, आणि वळणापाशी दाब उतरताच तो आपण होऊन बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. त्यात काहीही अपाय नाही. तो पाहून घाबरणारा मनुष्य निर्दोष सांधा पुनःपुन्हा सोडतो-जोडतो आणि नसलेली फट स्वतःच निर्माण करतो. खातरजमेचा मार्ग असा की, त्याच नळीने आधी साधे पाणी उतरवून पाहावे; सांध्यापासूनच सुरू होणारी बुडबुड्यांची माळ पाण्यातही दिसली तर फट खरी. अंतःकरणात उठणारा प्रत्येक विकल्प हा बाहेरून आलेले पाप समजून स्वतःला जाचणाऱ्या साधकालाही हाच विवेक हवा, कारण जिवंत मनाचे स्वाभाविक स्फुरण आणि बाहेरचे मालिन्य ही दोन वेगळी असून त्यांची गल्लत झाली की संयमाचे रूपांतर छळात होते.

दुसरी मर्यादा काळाची. ज्या प्राणवायूला शेवटी इतक्या कसोशीने दूर ठेवायचे, तोच आरंभी आवश्यक असतो. थंड झालेल्या काढ्यात यीस्ट मिसळण्यापूर्वी दर दहा लक्ष भागांत आठ-दहा भाग प्राणवायू विरघळलेला असावा असे मानतात, कारण त्यावाचून यीस्टच्या पेशींना आपली आवरणे नीट घडविता येत नाहीत. पुढे किण्वन चालू झाले की त्याची गरज संपते; हवेवाचून चालणारे जीवन असे किण्वनाचे वर्णन पास्तरने केले, आणि बिअरविषयीचा त्याचा ग्रंथ 1876 साली प्रसिद्ध झाला. किण्वन संपल्यावर तर त्याच प्राणवायूचे प्रमाण मोठ्या कारखान्यांत अब्जांशांनी मोजतात. तेव्हा प्रतिबंधक हा कोणत्याही वस्तूचा जन्मजात स्वभाव नव्हे. देश, काळ आणि कार्य यांच्या संबंधाने ती प्रतिबंधक होते. विद्यार्थिदशेत मनाची जी दारे सताड उघडी असावी लागतात, तीच परिपक्व निश्चयाच्या वेळी मिटावी लागतात. आणि एका अवस्थेचा नियम दुसरीवर लादणारा गुरू, कितीही निष्ठावान असला तरी, शिष्याची हानीच करतो. दोन्ही टोके बंद केलेल्या नळीत हवा शिरत नाही हे खरे, पण तीतून काही वाहतही नाही. निवारण हे प्रवाहासाठी आहे. प्रवाहच थांबवून साधलेली निर्दोषता ही निवारणाची सिद्धी नव्हे, ती त्याची विफलता होय.

या मर्यादा सांभाळून माझा निर्णय असा आहे: अनागताचे निवारण हे पूर्णार्थाने कर्म आहे, ते प्रयत्नसाध्य आहे, आणि त्याचे फळ प्रध्वंसाने कधीही मिळत नाही अशा जातीचे आहे. त्याला पुरावा नाही ही त्याची उणीव मानू नये, कारण पुरावा उरू न देणे हेच त्याच्या यशाचे स्वरूप आहे. यासाठी, घरात, संस्थेत किंवा राज्यकारभारात ज्याच्या हातून ‘काही झाले नाही’ असे आपण म्हणतो, त्याच्याविषयी निकाल देण्यापूर्वी वाचकाने एवढीच चौकशी करावी की, त्याने काय होऊ दिले नाही.